टॅबवरचं नाव: वाचनालयाच्या कामाच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

सकाळी साडेआठलाच काकूंचा फोन. काकू म्हणजे सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल. तिथलं देवघेवीचं सॉफ्टवेअर आमचं. 'आमचं' म्हणजे मी आणि कॉलेजातून इंटर्नशिपला आलेला एक मुलगा.

"अरे, टायटल कळतच नाहीये कुठलं काय ते."

पुस्तकांची नावं गायब झाली असं समजून मी चहा तसाच ठेवून डेटाबेस उघडला. नावं जागच्या जागी. मुलाचं म्हणणं, माउस नेल्यावर दिसणारी टूलटिप येत नसणार. अर्धा तास आम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टी शोधत होतो आणि काकू बोलत होत्या तिसऱ्याच गोष्टीबद्दल.

शेवटी गाडीला किक मारून गेलो. काउंटरच्या मॉनिटरवर अकरा टॅब उघडे आणि अकराही टॅबवर एकच नाव, वाचनालयाचं. तेही अर्धवट, कारण इतक्या गर्दीत एकेकाच्या वाट्याला चार अक्षरं आली तरी खूप. मॉनिटरच्या कडेला काकूंच्या सुवाच्य अक्षरातली पिवळी चिठ्ठी: "१ला – देणे. २रा – घेणे. ३रा – हात लावू नये." शनिवारी कोणीतरी टॅब इकडचा तिकडे ओढला आणि एका आजोबांनी नेलेलं पुस्तक दुसऱ्याच सभासदाच्या खात्यावर चढलं. त्या सभासदांना मेसेज गेला. आज दार उघडायच्या आत ते पायरीवर उभे. "मी तीन महिने कादंबरीला हात लावलेला नाही," हे त्यांनी काकूंना तीनदा सांगितलं.

चूक सरळसरळ आमची. आमच्याकडे एचटीएमएलचं पान एकदाच उतरतं, पुढचे सगळे स्क्रीन जावास्क्रिप्ट बदलतं. त्या पानातला, टॅबवरचं नाव ठरवणारा टायटल टॅग एकदा लिहिला आणि नंतर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दीड वर्ष.

आजपासून टीममध्ये (दोघांच्या) नियम: पुस्तकाचं ते 'ग्रंथनाम', टॅबवरचं ते 'टॅबनाव', माउस नेल्यावर येणारी ती 'टूलटिप'. नुसतं 'टायटल' म्हणणाऱ्याने चहा पाजायचा.

१७ जून, मंगळवार

वरकरणी एका ओळीचं काम. डॉक्युमेंट.टायटल (जावास्क्रिप्टमधून टॅबनाव लिहायची-वाचायची जागा), पुढे बरोबरचं चिन्ह आणि हवी ती स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, झालं. टायटल टॅग पानात नसेल तर ब्राउझर हेडमध्ये (पानाच्या न दिसणाऱ्या माथ्यात) तो स्वतः तयार करतो. हेडच नसेल तर मात्र काहीच करत नाही आणि एररही देत नाही.

क्रम ठरवण्यात जास्त वेळ गेला. मुलाने 'वाचनालयाचं नाव – देवघेव – सभासद' असं लिहिलं होतं. टॅब उजवीकडून कापला जातो, म्हणजे दिसणार पुन्हा वाचनालयाचंच नाव. उलटं केलं: 'घेणे – सभासद २१४ – वाचनालय'. जे वेगळं ते आधी, जे सगळीकडे सारखं ते शेवटी. पाकिटावर आपण आधी माणसाचं नाव लिहितो, 'महाराष्ट्र' शेवटी.

मग दोन लफडी निघाली.

पहिलं: एका टॅबवर 'कथा', पुढे ॲम्परसँडचं चिन्ह, त्याला चिकटून 'एएमपी' ही अक्षरं आणि अर्धविराम, मग 'कविता'. सर्व्हर सगळी नावं एस्केप करून, म्हणजे खास चिन्हांच्या जागी सांकेतिक अक्षरं घालून पाठवतो. तेच एचटीएमएलमध्ये थेट लिहिलं तर पान वाचणारा पार्सर ते उलगडतो. पण डॉक्युमेंट.टायटलला दिलेली स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर, तिथे उलगडायला कोणी बसलेलं नाही. जे द्याल ते अक्षरशः दिसतं. जावास्क्रिप्टला कच्चं नाव पाठवायला लागलो, संपलं.

दुसऱ्याने दुपार खाल्ली. टॅबनाव उगाच पुन्हा लिहू नये म्हणून मुलाने तपासणी घातली होती: आत्ताचं डॉक्युमेंट.टायटल आणि नवं नाव सारखं असेल तर सोडून दे. काही पुस्तकांच्या बाबतीत ती कायम 'वेगळं' म्हणायची. दोन्ही कन्सोलवर छापली तर डोळ्यांना तंतोतंत सारखी. शेवटी लांबी मोजली: एक ३१, एक ३४. डॉक्युमेंट.टायटल लिहिताना आहे तसं लिहितं, पण वाचताना पुढचीमागची मोकळी जागा काढतं आणि मधल्या दोन-तीन स्पेस किंवा नवी ओळ यांची एकच स्पेस करून देतं. जुनी यादी एक्सेलमधून आलेली, त्यात नावांच्या शेवटी अशा स्पेसचा सडा. म्हणजे ठेवलेलं आणि परत मिळालेलं एकच असेल, हे गृहीतच चुकीचं. नाव आत घेतानाच साफ करायचं ठरवलं. त्यात एक्सेलची न तुटणारी स्पेसही धरली, कारण ब्राउझर साध्या स्पेस आवळतो, तिला हात लावत नाही.

१८ जून, बुधवार

बॅक बटण दाबून धरलं की मागच्या पानांची यादी येते. तिच्यात सगळी नावं एक घर सरकलेली. 'देणे'वर क्लिक करावं तर 'शोध' उघडतो.

कारण: आम्ही आधी टॅबनाव बदलत होतो, मग पुशस्टेट, म्हणजे ब्राउझरच्या इतिहासात नवी नोंद टाकणारी आज्ञा. म्हणजे जुनी नोंद अजून चालू असतानाच तिला नवं नाव चिकटत होतं. क्रम उलटा केला. पुशस्टेटला दुसरं आर्ग्युमेंट टायटलचं आहे म्हणून मुलाने तिथेच नाव देऊन पाहिलं. सफारी वगळता ब्राउझर त्याकडे लक्षच देत नाहीत. जुन्या डिझाइनचा उरलेला अवयव, रिकामी स्ट्रिंग द्यायची आणि पुढे जायचं.

आणि मागे गेल्यावर जुनं नाव ब्राउझर आपणहून आणत नाही. पॉपस्टेटमध्ये, म्हणजे मागे-पुढे गेल्याची खबर देणाऱ्या घटनेत, ते आपणच पुन्हा लावायचं. मग रूट, म्हणजे स्क्रीनचा पत्ता, बदलला की नाव ठरवणारं एकच फंक्शन केलं, पुढे जा नाहीतर मागे, सगळे त्याच दारातून.

२० जून, शुक्रवार

पालख्या पुण्यात आल्या. लक्ष्मी रस्ता बंद, वाचनालयात जायचा प्रश्नच नाही. काम नाही.

२३ जून, सोमवार

आज टूलटिपांचा दिवस. काउंटरच्या स्क्रीनवर जागा कमी म्हणून बटणांवर नुसती चिन्हं आहेत आणि प्रत्येकाला टायटल ॲट्रिब्यूट; टूलटिपचा मजकूर त्यातच असतो.

दहा वाजता काकूंचा व्हॉट्सॲपवर फोटो. बटणावर माउस, खाली पिवळी पट्टी, त्यात इंग्रजी चार अक्षरं: 'नल'. खाली काकूंचा मेसेज: "दमयंती कुठे आहे?"

हसून झाल्यावर पाहिलं. मुलाला एका बटणाची टूलटिप घालवायची होती, म्हणून त्याने बटण.टायटलला नल ही 'काहीच नाही' अशा अर्थाची किंमत दिली. ही प्रॉपर्टी (तेच टायटल, जावास्क्रिप्टमधून दिसणारं) फक्त स्ट्रिंग घेते. नल दिलं की त्याचीच चार अक्षरांची स्ट्रिंग होते. टॅबनावाचंही तेच. रेकॉर्ड यायच्या आत नाव लावलं तर टॅबवर 'अनडिफाइन्ड' झळकतं, ते मी स्वतः गेल्या आठवड्यात करून बसलो होतो, कोणाला सांगितलं नाही.

मग त्याने रिमूव्हॲट्रिब्यूट वापरलं. ॲट्रिब्यूट गेलं, पण बटणावर माउस नेला की आता 'मुदत संपली' येतं! हे कोड्यासारखं आहे म्हणून नीट लिहून ठेवतो. एखाद्या घटकाला टायटल नसेल तर ब्राउझर त्याच्या बापाकडे, आजोबांकडे बघत वर जातो आणि जिथे सापडेल ते दाखवतो. आम्ही तक्त्याच्या अख्ख्या ओळीला 'मुदत संपली' दिलं होतं. बटणाचं स्वतःचं गेल्यावर वडिलोपार्जित आलं. इथे उपाय म्हणजे रिकामी स्ट्रिंग. रिकामं टायटल म्हणजे 'मला काही सांगायचं नाही, वरच्यांचंही सांगू नका'.

आणि या दोन अवस्था प्रॉपर्टी वाचून ओळखू येत नाहीत. बटण.टायटल दोन्ही वेळा रिकामी स्ट्रिंगच देतं. ॲट्रिब्यूट मुळात आहे का, हे गेटॲट्रिब्यूटला विचारावं लागतं. नसेल तर ते खरंखुरं नल देतं. (दमयंतीसकट.)

संध्याकाळी आणखी एक. एका पुस्तकाच्या नावात अवतरणचिन्हं आहेत. तक्ता आम्ही स्ट्रिंगा जोडून इनरएचटीएमएलने भरतो, त्यामुळे टूलटिप पहिल्या अवतरणचिन्हापाशी तुटली आणि उरलेलं नाव टॅगमध्ये भलतीच ॲट्रिब्यूट म्हणून सांडलं. आज फक्त नाव तुटलं. उद्या कोणी मुद्दाम काही घातलं तर स्क्रिप्टही चालेल. घटक तयार करून प्रॉपर्टीने टायटल लावायला लागलो. यात घाई करायला नको होती, आधीच असं हवं होतं.

२४ जून, मंगळवार

सचिवसाहेबांची मागणी: मुदत संपलेली पुस्तकं असली की टॅब 'लुकलुकला पाहिजे'. गणपतीतल्या माळेसारखा, हे त्यांचेच शब्द.

मुलाला असलं काम आवडतं. अर्ध्या सेकंदाच्या सेटइंटरव्हल टायमरवर नाव बदलायला लावलं, समोरच्या टॅबमध्ये छान लुकलुकलं. दुसऱ्या टॅबवर गेलं की मंदावलं. मागे पडलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर सेकंदाला एकदाच वाजू देतो, आणि क्रोम ८८ पासून पाच मिनिटं मागे पडून असलेल्या गप्प टॅबचे तर मिनिटाला एकदा. म्हणजे बघायला कोणी आहे तेव्हा लुकलुकणार आणि गरज आहे तेव्हा सुस्तावणार. साहेबांना ते दाखवलं, मग ऐकलं.

त्याऐवजी आकडा: '(३) घेणे – वाचनालय'. मिनिटाला एकदा ताजा झाला तरी पुरतो. आकडा मराठी हवा, त्यासाठी आकडा भाषेप्रमाणे लिहिणाऱ्या टूलोकेलस्ट्रिंगला 'एमआर-आयएन' (मराठी-भारत) दिलं की देवनागरी अंक आपसूक येतात.

दुपारी टॅबवर: '(३) (२) (२) (१) घेणे'. मुलगा दर मिनिटाला डॉक्युमेंट.टायटल वाचून त्याच्या पुढे आकडा चिकटवत होता. त्यावर कंस शोधून पुसणारी रेगेक्स लिहायला बसला, तेव्हा थांबवलं. कंस तर पुस्तकाच्या नावातही असतात. मूळ नाव आपल्या व्हेरिएबलमध्ये, आकडा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये, दोन्ही जोडून टॅबवर लिहायचं आणि टॅबवरून कधीही काही वाचून घ्यायचं नाही. १७ तारखेच्या स्पेसचा धडाही हाच होता खरं तर. टॅब ही पाटी आहे, वही नव्हे.

२६ जून, गुरुवार

हे काम कोणी मागितलंच नव्हतं, आणि सगळ्यात जास्त शाबासकी याचीच मिळाली.

काकू अनामत रकमेच्या पावत्या प्रिंटमधून पीडीएफ करून ठेवतात. फोल्डर उघडलं तर वाचनालयाच्या नावाच्या फायली, पुढे कंसात १, २, ३ असं करत १८७ पर्यंत. एखादी पावती शोधायची तर उघडून बघायची, मिळाली तर नशीब. हे त्या दीड वर्ष करताहेत आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत, कारण 'कॉम्प्युटर असंच नाव देतो'.

कॉम्प्युटर नाव देतो ते टॅबनावावरून. 'पावती छापा' दाबल्यावर आधी डॉक्युमेंट.टायटल 'पावती-१०४२-२०२५-०६-२६' केलं, मग विंडो.प्रिंट, आणि आफ्टरप्रिंट घटनेत जुनं नाव परत. तारखेत तिरप्या रेघा ठेवल्या नाहीत, फाइलच्या नावात त्या चालत नाहीत. वर्ष आधी, मग महिना, म्हणजे फोल्डरमध्ये एकाच क्रमांकाच्या पावत्या आपोआप तारखेने लागतात. छापलेल्या कागदाच्या माथ्यावर ब्राउझर जे नाव टाकतो तेही हेच, म्हणजे कागदावरही क्रमांक आला.

काकूंनी एक पावती सेव्ह करून बघितली. दुसरी केली. मग कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. एक ते चार वाचनालय बंद असतं आणि त्या वेळात तिथे चहा मिळणं ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नाही.

२८ जून, शनिवार

एक सभासद काका पूर्ण अंध आहेत. घरून कॅटलॉग बघतात, पुस्तक राखून ठेवतात, नातू येऊन नेतो आणि घरी वाचून दाखवतो. आज नातवाबरोबर तेही आले होते. त्यांच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए आहे, स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर. मी शेजारी बसून फक्त ऐकलं. यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

इन्सर्ट आणि टी दाबलं की ते खिडकीचं नाव सांगतं. काकांनी सवयीने दाबलं, नवं टॅबनाव ऐकलं आणि थांबले. "हे बदललंत वाटतं? आधी कुठेही गेलो तरी वाचनालयाचंच नाव सांगायचं. मी कुठल्या पानावर आहे ते खाली जाऊन ऐकायचो." अपंगांनाही वेबसाइट वापरता यावी म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी निकषांत पानाला नेमकं नाव हवं ही अट सर्वात खालच्या 'ए' पातळीवर आहे. म्हणजे तीही आम्ही चुकवत होतो.

पण टॅबनाव बदललं तरी ते आपणहून बोललं जात नाही. पान नव्याने उतरलं असतं तर बोललं असतं. इथे जावास्क्रिप्टने स्क्रीन बदलला, काकांच्या कानाला काहीच घडलं नाही. मग तिथेच बसून केलं: स्क्रीन बदलला की मुख्य मथळ्याला टॅबइंडेक्स उणे एक देऊन (म्हणजे त्यावर फोकस नेता येतो) फोकस, कीबोर्डचं लक्ष, त्याच्यावर. मथळा वाचला जातो. काका म्हणाले, "हां, आता दार वाजलं."

टूलटिपांचा निकाल मात्र आमच्या विरुद्ध लागला. नुसतं चिन्ह असलेल्या बटणाचं टायटल एनव्हीडीए नाव म्हणून वाचतं, कारण दुसरं काही नसेल तर शेवटी तेच उरतं. पण जिथे बटणावर 'राखून ठेवा' लिहिलेलं होतं आणि टूलटिपही 'हे पुस्तक राखून ठेवा', तिथे दोन्ही ऐकू येत होतं. ओळीच्या शेवटी बटण, पानावर वीस ओळी. "तुम्ही दोनदा का सांगता?" याला उत्तर नव्हतं.

नातू मोबाइलवर तेच पान बघत होता. त्याला एकही टूलटिप दिसली नाही. बोटाला घिरट्या घालता येत नाहीत. कीबोर्डने टॅब दाबत फिरणाऱ्यालाही ती सहसा दिसत नाही. म्हणजे ती कोणाला दिसते? माउस असलेल्या, डोळे चांगले असलेल्या, आणि त्या चिन्हावर क्षणभर थांबायचा धीर असलेल्या माणसाला. एचटीएमएलच्या प्रमाणातच लिहिलंय की टायटल ॲट्रिब्यूटवर विसंबू नका. वाचलं होतं मी ते.

३० जून, सोमवार

दिवसभर टूलटिपा काढल्या. मुलगा हिरमुसला, त्याने त्या मनापासून लावल्या होत्या. चिन्हांच्या बटणांवर आता शब्द: 'द्या', 'घ्या', 'मुदत वाढवा'. मराठी क्रियापदं आखूड असतात याचा फायदा. इतकी जागा होती, आम्हीच ती नाही म्हणत होतो.

तक्त्यात लांब ग्रंथनामं तीन टिंबांनी कापली जायची आणि पूर्ण नाव टूलटिपमध्ये. आता नाव दोन ओळींत मोडतं. जुन्या काळातली 'अर्थात'वाली काही नावं तिथेही मावत नाहीत, तेवढ्यांनाच टूलटिप: घटकाची स्क्रोलविड्थ (मजकुराची पूर्ण रुंदी) आणि क्लायंटविड्थ (दिसणारी रुंदी) सारखी असते तोवर नाव मावलेलं असतं, पहिली मोठी झाली की कापलं गेलं. (दोन ओळींत मोडल्यावर रुंदीऐवजी उंची मोजावी लागते, हे कळायला तासभर गेला.) तीही फक्त सोय. नावावर क्लिक केलं की पुस्तकाचं पान उघडतं आणि तिथे नाव पूर्ण आहे.

आयफ्रेमचं, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाच्या चौकटीचं, टायटल मात्र ठेवलं. नकाशाची चौकट म्हणजे नेमकं काय, हे एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरला तिथूनच कळतं.

२ जुलै, बुधवार

'दुसऱ्या'तल्या ऱ्याने पूर्ण दिवस घेतला.

शोधाच्या पानाचं टॅबनाव आपोआप तपासणारी टेस्ट नापास होत होती. अपेक्षित 'दुसऱ्या आवृत्ती – शोध', मिळालेलं दिसायला तेच. या वेळी स्पेसचा दोष नव्हता. हा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एक, युनिकोडमधलं वेगळं 'ऱ' हे अक्षर (०९३१) आणि हलन्त. दोन, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे. काकूंचा कीबोर्ड पहिल्या पद्धतीचा, आमच्या मुलाचा दुसऱ्या. दिसायला एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. वेगळ्या पद्धतींनी लिहिलेली सारखी अक्षरं एक करणारं स्ट्रिंगचं नॉर्मलाइज चालवून पाहिलं, ते या दोघांना एक करत नाही. म्हणजे प्रश्न टेस्टपुरता नव्हताच. 'कऱ्हाड' शोधणाऱ्या निम्म्या लोकांना आमचा शोध 'सापडलं नाही' सांगत होता. नाव साफ करणाऱ्या १७ तारखेच्या फंक्शनमध्ये ही अदलाबदल टाकली आणि तेच फंक्शन शोधालाही लावलं.

त्याच भरात टॅबनाव ४० 'अक्षरां'वर कापणारी ओळ काढली. मजकूर कापणाऱ्या स्लाइस फंक्शनला अक्षर कळत नाही, 'पुणे' त्याच्या हिशेबाने चार आणि 'क्ष' तीन. कापलेल्या जागी लटकता हलन्त दिसायचा. अक्षरं नीट वेगळी करायला इंटल.सेगमेंटर आहे, पण जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडमध्ये आला तो १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ ला. काउंटरवरचं मशीन विंडोज ७ चं, त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही, आणि ते जानेवारी २०२३ चं. शिवाय टॅब कापायचं काम ब्राउझर करतोच. मग आपण कात्री कशाला चालवायची?

४ जुलै, शुक्रवार

काउंटरवर तासभर उभा राहिलो. पाऊस, तरी गर्दी. परवा एकादशी, म्हणून संतवाङ्मयाचं कपाट अर्धं रिकामं. काकूंनी टॅब दोनदा बदलला, दोन्ही वेळा नाव वाचून. चुकीच्या खात्यावर काही गेलं नाही.

एक बारीक राहिलंय: शोधाची चौकट रिकामी ठेवून एंटर दाबलं तर टॅबवर नुसती दोन अवतरणचिन्हं येतात, मध्ये काही नाही. सोमवारी.

निघताना पाहिलं, मॉनिटरवरची जुनी चिठ्ठी काढलेली होती. तिच्या जागी नवी, तितक्याच सुवाच्य अक्षरात: "हिशेब – हात लावू नये."

"काकू, आता त्या टॅबवर 'हिशेब' असं लिहिलेलं येतंय की."

"येतंय ना. पण हात लावू नये, हे कुठे येतंय?"